बाहेरून लावलेली कडी



या वेळी पाककृती नाही. चातुर्मासात चालणारी कच्च्या केळ्याची भजी आणि मुगाच्या डाळीचे सांडगे पुढच्या वेळी. आज आमच्या शीवच्या स्वाध्याय गटात गेल्या तीन बुधवारी जो वाद झाला तो सांगते, कारण त्यात माझंही एक जुनं देणं निघालं.

सुरुवात अशी झाली. गटातल्या एका आजींनी नातीच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. नात 17 वर्षांची. अभ्यास करतेय असं घरच्यांना वाटत होतं आणि ती वाचत होती कादंबरी. एक श्रीमंत तरुण एका मुलीला उचलून नेतो, समुद्राकाठच्या बंगल्यात कोंडून ठेवतो, रागावतो, मारायला धावतो, मग रडतो, आणि शेवटी तिला कळतं की याचं आपल्यावर खरं प्रेम आहे. आजींचा आवाज सांगताना थरथरत होता. "हे वाचून आमची पोरगी उद्या कुणाच्या गाडीत बसेल?" लगेच दुसरी म्हणाली, अशी सगळी वाचनं म्हणजे विकथा, बंदच करून टाका, फोन काढून घ्या.

विकथेवर मला हसू आलं, पण मी दाबलं. स्त्रीकथा, राजकथा यांच्या जोडीला भोजनकथाही त्याच यादीत आहे. म्हणजे मी इथे तुम्हाला सांडगे-पापडांच्या कृती सांगते तीसुद्धा विकथाच की!

मी या गोष्टींची जुनी गिऱ्हाईक. सांगलीला असताना वाचनालयातून रहस्यकथा आणायच्या आणि सूर्यास्ताआधीचं जेवण उरकलं की माडीवर जाऊन वाचायच्या, हा माझा मुलगीपणाचा उद्योग. त्या कथांत तळघर असायचंच. मुलगी खुर्चीला बांधलेली, तोंडात बोळा, आणि शेवटच्या चार पानांत नायक दार फोडून आत. कोंडणारा राक्षस, सोडवणारा वीर. डोकं शिणवायची गरज नव्हती. आजीच्या नातीच्या फोनमधली गोष्ट वेगळी आहे. तिथे कोंडणारा आणि वीर एकच. मला आक्षेप आहे तो या बदलाला.

आणि तो काही आजच्या पोरींनी आणलेला नाही. 1993 सालचा 'डर' आपण थिएटरात जाऊन पाहिला आहे. नको म्हणणाऱ्या मुलीच्या मागे लागणारा, तिच्या नावाने छाती कोरून घेणारा तो वेडा आपल्याला नवऱ्यापेक्षा जास्त आवडला होता. खोटं कशाला बोला? बाहेर पडताना सगळ्या शाहरुखबद्दलच बोलत होत्या. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1990 मध्ये, उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात एका मुलीला एकतर्फी प्रेमातून जाळलं होतं. ती बातमी वाचून आपल्या आयांनी आपल्याला क्लासला एकटं पाठवणं बंद केलं होतं. दोन्ही गोष्टी आपल्या डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. मुलीचा पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात यायला 2013 साल उजाडलं.

अलीकडे 'यू' नावाची मालिका आली. पुस्तकांच्या दुकानात काम करणारा गोड बोलणारा मुलगा, आणि दुकानाखालच्या तळघरात काचेचा पिंजरा. ती पाहून मुली त्या जोवर इतक्या भाळल्या की ते काम करणाऱ्या पेन बॅजली या नटालाच त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं, अगं, तो खुनी आहे.

तर मग आजींच्या मैत्रिणीचं बरोबर, बंद करा? मला तसं वाटत नाही. कारण याच जातीचं एक पुस्तक मी नुकतंच वाचलं आणि त्याने मला जे दाखवलं ते इतक्या वर्षांच्या प्रवचनांत मी स्वतःला दिसू दिलं नव्हतं.

ते पुस्तक मला माझ्या मुलीने दिलं. ती आता पुण्याला नोकरी करते. सुट्टीत आली की किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तासभर बसल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिथून आणलेलं, पानं पिवळी पडलेलं इंग्रजी पुस्तक, 'द कलेक्टर'. जॉन फाउल्स या लेखकाची 1963 सालची पहिली कादंबरी. माझं इंग्रजी बेताचंच. डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन आठवडे लागले.

त्यात फ्रेडरिक क्लेग नावाचा एक कारकून आहे. फुलपाखरं पकडून, मारून, टाचणीने पेटीत लावून ठेवायचा त्याला छंद. मिरांडा नावाची चित्रकलेची विद्यार्थिनी तो दुरून बघत असतो. पुढे त्याला सट्ट्यात मोठी रक्कम लागते. तो आडबाजूला तळघर असलेलं एक घर घेतो, आणि एक दिवस तिला पळवून तिथे ठेवतो. कादंबरीचा पहिला भाग तोच सांगतो, आणि अंगावर काटा येतो तो त्याच्या साधेपणाने. हा माणूस सभ्य आहे. तो तिच्यासाठी कपडे आणतो, चित्रांची महागडी पुस्तकं आणतो, तिच्या आवडीचं खायला आणतो. ती जे मागेल ते देतो. दार तेवढं उघडत नाही. चार आठवड्यांनी सोडतो असं कबूल करतो, आणि मुदत संपल्यावर लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते. तो सोडत नाही. पुढे ती आजारी पडते, आणि डॉक्टरला आणलं तर बिंग फुटेल म्हणून तो आज-उद्या करत राहतो. ती मरते. हे सगळं तो आपल्याला समजावून सांगत असतो, अगदी शेजारच्या वहिनी घरातलं भांडण समजावतात तसं. मी तिला काय कमी केलं, हाच त्याचा सूर.

मधल्या भागात लेखक एक मोठी गोष्ट करतो. तो मिरांडाची डायरी देतो. तेच दिवस, तेच तळघर, पण आतून. आधी क्लेगच्या तोंडून ती जरा हट्टी, आढ्यतेखोर वाटलेली असते. डायरी वाचताना कळतं की ती विचार करते, चुकते, देवाशी भांडते, त्याचीसुद्धा कीव करते. त्याने यातलं काहीच पाहिलेलं नसतं. पेटीतल्या फुलपाखराकडे बघणारा बघतो पंखांचे रंगच.

हे वाचताना मी एका ठिकाणी पुस्तक मिटलं आणि गॅसवर काही नसतानाही स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. "मी तिला काय कमी केलं" हे वाक्य माझं आहे. मी ते याच घरात, मोठ्या आवाजात म्हटलं आहे.

मुलगी 19 वर्षांची असताना मला कळलं की तिचं एका मुलाशी काहीतरी चाललंय. मुलगा आपल्यातला नाही, एवढंच मला ऐकू आलं. बाकीचं तिने सांगितलं असेल, मी ऐकलं नाही. मी तिचा फोन घेतला आणि देवाच्या चांदीच्या भांड्यांच्या कपाटात ठेवून दिला. तिला आतल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. तीन दिवस. बाथरूमला जायचं तर मी दाराशी उभी. कॉलेजच्या मैत्रिणी आल्या, त्यांना सांगितलं ताप आहे. शेजारी सांगितलं ताप आहे. आमचे हे त्या तीन दिवसांत पेपर वाचत होते. सासूबाई जप करत होत्या. आणि मी काय करत होते? तिच्या आवडीचं रांधत होते. पुरणपोळी केली, शेवयांची खीर केली, तांदळाची उकड केली. ताट आत सरकवायचे आणि ते तसंच बाहेर आलं की रडायचे. मला खरंच वाटत होतं की मी माया करतेय.

तिसऱ्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी नळ बंद करून विचारलं, "ताईला तीन दिवस ताप हाय, मग डॉक्टरला का न्हाई दाखवलं?" एवढंच. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी संध्याकाळी कडी काढली. मला उपरती वगैरे झाली नव्हती. बाईला कळलंय म्हणजे बिल्डिंगला कळेल, ही भीती होती. ते मुलाचं प्रकरण वर्षभरात आपोआप विरून गेलं. आम्ही दोघी त्या तीन दिवसांबद्दल कधी बोललो नाही. वयात आलेल्या मुलीला आईबापांनीही कोंडणं कायद्याने गुन्हा आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच चार शब्द सुनावले असते.

म्हणून मला त्या कादंबरीची दहशत वाटते आणि तीच तिची किंमत वाटते. तिने मला कोंडणाऱ्याच्या जागी बसवलं. फोनमधली कादंबरी वाचणाऱ्या मुलीला कोंडलेलीच्या जागी बसवते आणि वर सांगते, ही जागा भाग्याची आहे.

आता आपल्याकडे वळते. लहानपणी आम्ही पोरं पावसाळ्यानंतर चतुर पकडायचो आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. तो उडायचा, दोरा ताणला की खाली यायचा. आज्जीने एकदा पाहिलं. ती मारणारी नव्हती. तिने माझ्या हातातला दोरा सोडवला आणि म्हणाली, अतिचार लागला की गं. तेव्हा मला वाटलं अतिचार म्हणजे एखादा रोग असेल.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, फार ओझं लादणं, अन्नपाणी अडवणं. आपण ही यादी प्रतिक्रमणात म्हणतो, आणि म्हणताना डोळ्यांपुढे बैल, घोडा, फार तर चाबूक येतो. आपल्या घरात बैल नाही, घोडा नाही, म्हणजे आपण सुटलो. पण पहिलं नाव बंधाचं आहे, वधाच्याही आधी. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत बंधाचा अर्थ फार सोपा करून सांगितला आहे. ज्या जिवाला जिथे जायचं आहे तिथे जाण्याला जे अडवतं, तो बंध. दोरी असो, पिंजरा असो, कडी असो, वा आज फोन काढून घेणं असो. मी पुरणपोळी आत सरकवत होते, म्हणजे पाचवा अतिचार टाळला. पहिल्यात पूर्ण बुडाले होते.

आणि ही यादी कुणासाठी आहे? दरोडेखोरासाठी नाही. व्रत घेतलेल्या गृहस्थासाठी आहे. आपल्या पूर्वाचार्यांना माहीत होतं की बांधण्याची चूक देवपूजा करणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरातच होते. रहस्यकथा लिहिणारे तळघर शोधायला आडरानातला बंगला गाठतात. मुंबईच्या दोन खोल्यांत कुठलं आलंय तळघर! इथे कडी पुरते.

परिग्रहाचंही तसंच. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या ढिगावरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. वस्तूवर इतकं आसक्त होणं की शुद्ध हरपावी. क्लेगला मिरांडाची जी ओढ आहे तिला इंग्रजीत वेगळं नाव असेल, मला हा शब्द पुरतो. मूर्च्छित माणसाला समोरचा जीव दिसत नाही, 'माझं' एवढंच दिसतं. मुलीच्या बाबतीत आपण या शब्दाला माया म्हणतो आणि सुनेच्या बाबतीत काळजी.

दुसऱ्या बुधवारी मी गटात चंदनेची गोष्ट काढली. आम्ही गटात चौघी दिगंबर आणि बाकीच्या श्वेतांबर, त्यामुळे गोष्टीची दोन रूपं आमच्यात नांदतात. आमच्या पुराणात चंदना ही चेटक राजाची मुलगी. उद्यानात खेळताना एक विद्याधर तिच्यावर मोहित होऊन तिला उचलून नेतो आणि मग स्वतःच्या बायकोच्या भीतीने तिला रानात टाकून देतो. म्हणजे गोष्टीची सुरुवातच मुळी अशा वेड्या मोहाने होते. श्वेतांबर बहिणींच्या कथेत ती चंपानगरीची वसुमती, शहर लुटलं गेल्यावर पकडलेली. पुढे दोन्हीकडे ती कौशांबीला एका शेठच्या घरी पोहोचते, शेठ तिला मुलीसारखी वागवतो, आणि शेठाणीला संशय येतो. श्वेतांबर कथेत तिचं नाव मूला. शेठ गावाला गेल्यावर ती मुलीचे केस कापते, पायांत बेड्या घालते आणि तिला कोंडून किल्ली घेऊन निघून जाते. तीन दिवस. मग शेठ परततो, मग सुपातले उडदाचे बाकळे, उंबऱ्यात उभी चंदना, आणि 5 महिने 25 दिवसांच्या उपवासानंतर भगवान महावीरांचं पारणं. आमच्याकडे मातीच्या पात्रात कोद्रवाचा भात असतो. पुढे ही चंदना 36,000 साध्वींची प्रमुख झाली, हे दोन्हीकडे सारखं.

आपण ही गोष्ट आहारदानासाठी सांगतो. पाठशाळेतल्या मुली नाटक करतात, पुठ्ठ्याची बेडी तुटते, सोन्याच्या कागदाची वृष्टी होते, टाळ्या. तळघरात कुणी थांबत नाही. मी विचारलं, इतक्या मोठ्या शेठच्या घरात किती माणसं असतील? नोकर, दासी, दिवाणजी. तीन दिवस सगळ्यांना माहीत होतं ना? शेठ आल्यावर शेवटी तोंड कुणी उघडलं? श्वेतांबर भाभी पटकन म्हणाल्या, "बुढ्ढी दासी." मग त्याच गप्प झाल्या. घरात सगळ्यात कमी अधिकार असलेली म्हातारी. बाकीच्यांना मूलाशेठाणीची भीती.

मी त्या दिवशी माझी कडी सांगितली नाही. तोंडाशी आलं होतं. भांडीवाल्या मावशींचा चेहरा डोळ्यांपुढे होता, तरी नाही सांगितली.

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिलंय? 1967 साली ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं, अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन आणि बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. त्या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि नाटकातली लीला बेणारेही शाळामास्तरीण. वेळ घालवायला खोटा खटला खेळायचा, आरोपी बेणारेबाई, आणि खेळता खेळता तो खरा होतो. ती पर्स उचलून निघते. दाराशी जाते. कडी बाहेरून अडकलेली. नाटकाच्या सुरुवातीला त्याच कडीत तिचं बोट चेमटलेलं असतं. कोंडणारे कोण, तर चाळीतली सुशिक्षित, समाजकार्याची हौस असलेली माणसं. आणि तिला ओढत आरोपीच्या पिंजऱ्यात आणून उभी करते ती काशीकरबाई. या नाटकाची गणना कुणी थरारकथांत करणार नाही, पण माझ्या मते मराठीत कोंडलेल्या बाईची याहून भीतिदायक गोष्ट नाही. त्यात वेडा कुणीच नाही.

स्टीफन किंगच्या 'मिझरी'तही कोंडणारी बाईच आहे, आणि तीही परिचारिका. अपघातात सापडलेल्या आपल्या लाडक्या लेखकाची सेवा करता करता ती त्याला घरातून हलू देत नाही. सेवा आणि कोंडणं एकाच ताटात वाढता येतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पर्युषणात आपण क्रॉफर्ड मार्केटमधून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडतो. मला ते आता पटत नाही. आपण घेतो म्हणून तो परत पकडतो. पण तो वेगळा विषय, त्यावर कधीतरी सविस्तर भांडू.

पुस्तक वाचून झाल्यावर मी मुलीला फोन केला. विचारलं, "मुद्दाम दिलंस का गं मला ते?"

"नाही गं आई. चांगलं वाटलं म्हणून दिलं." मग जरा थांबून, "मुद्दाम कशाला देईन? काय झालं?"

मी म्हटलं, "ते तीन दिवस."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मागे रिक्षांचे हॉर्न. मग ती म्हणाली, "मला उकडीचा वास अजून सहन होत नाही. तू दर वेळी करतेस, मी खाते." मी सॉरी म्हटलं. क्षमापनेला आपण सगळ्या जगाला मिच्छामि दुक्कडं म्हणतो, तेव्हा तिलाही दरवर्षी म्हणत आलेच होते. पण कशाबद्दल ते कधी म्हटलं नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. रात्री परत तिचाच फोन आला, इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलली. त्याबद्दल नाही.

तिसऱ्या बुधवारी मी गटात सगळं सांगितलं. भाभींनी माझा हात धरून ठेवला. एकीला ते आवडलं नाही. ती म्हणाली, मुलीचं भलं बघणं आणि कुणा माथेफिरूचं तळघर, हे एका मापाने कसं मोजता? क्लेगने मिरांडाला मारलं, तुम्ही मुलीला वाचवलंत. मी म्हटलं, कशापासून वाचवलं हे मला आजही सांगता येत नाही. त्यावर ती बोलली नाही, पण तिचं समाधान झालेलं नाही. होईल असंही नाही.

आजींनी मात्र नातीचा फोन परत दिला. आम्ही ठरवलंय की ती कादंबरी गटात बसून वाचायची, हवं तर चार प्रकरणं, नातीसकट. ती कोंडलेली मुलगी स्वतः काय म्हणते, तिला डायरी आहे का, की तिच्या मनातलंही तोच सांगतो, एवढं बघायचं. नात यायला कबूल झाली आहे. तिने एकच अट घातली. पूर्ण वेळ फोन तिच्याच हातात राहील, पानं तीच सरकवेल. आजी हो म्हणाल्या आहेत. तरी या बुधवारी मी जरा आधीच जाऊन त्यांच्या शेजारी बसणार आहे.